काचेच्या बाहेरून

सिनेमा सुरू व्हायच्या आधीचे
अकरा सेकंद माझे.
त्यात कुणी मरत नाही.
धुकट काच, पलीकडे विरघळलेले दिवे,
आणि एक बोट येतं.
बोट लिहितं: बूमा.
अरबीत घुबड.
मग अक्षरांच्या पोटातून पाणी ओघळतं
आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी
पॉपकॉर्न चावायचं थांबतं.

हुमैदसाहेबांना आधी खरोखरचं घुबडच हवं होतं,
लाल डोळ्यांचं, अंगावर येणारं.
केलं. हसले.
म्हणाले, हे बँकेच्या जाहिरातीतलं वाटतं.
मग कवटी केली. मग आपोआप हलणारी खुर्ची.
मग विहीर, आमच्या देवरुखची, रहाटासकट,
खाली काळंभोर पाणी.
ती बघून म्हणाले,
मुली, आमच्याकडे विहीर दिसली
की माणूस खूश होतो.

काच कुठून आली
ते मी त्यांना सांगितलं नाही.

ऑगस्ट. शारजा, अल मजाज, अकरावा मजला.
रात्रभर रेंडर लावून टेबलावर डोकं टेकलेलं,
एसी अठरावर, अंगावर शाल.
इथे काच बाहेरून घामेजते,
नव्या माणसाला हे पटत नाही.
आत विकत घेतलेला हिवाळा,
आणि खाडीची सगळी वाफ
बाहेरून त्याला तोंड लावून उभी.

टकटक झाली.
दारावर नाही.

दोरांवर एक माणूस.
केशरी हेल्मेट, कमरेशी बादली, बादलीत फेस.
त्यानं हातमोजा दातांत धरून ओढून काढला
आणि दवात लिहू लागला,
त्याच्या उजवीकडून डावीकडे,
म्हणजे मला आतून सुलट दिसेल असं.
प. काना. न. वेलांटी.
शेवटी वरची रेघ, एका दमात,
गुरुजी मागे उभे असल्यासारखी.
ण नव्हता, न होता.
तेवढ्यावरून गाव कळत नाही.

ती खिडकी उघडत नाही.
त्या इमारतीतली कुठलीच उघडत नाही.
मी माझी बाटली उचलून
त्याला दाखवली.
का दाखवली,
हे मी अजून स्वतःला विचारते.
तो हसला. हो, हसलाच.
मग रबराची पट्टी फिरवून
शब्दासकट सगळं पुसलं
आणि दहाव्यावर उतरला.
मी लिफ्टनं खाली गेले. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली.
खाली दोन दोर लोंबत होते,
सुपरवायझर म्हणाला, गाडी गेली,
उद्या दुसरी बिल्डिंग.

पुढचं काम तीन दिवसांचं.
बोट माझंच वापरलं, हिरव्या पडद्यासमोर.
बाहेरून अरबी लिहायचं
तर हात डावीकडून उजवीकडे जातो,
बाराखडीसारखा.
तेवढं एकच सोपं गेलं.

हुमैदसाहेबांनी दोनदा बघितलं.
हा आत आहे ना?
नाही, बाहेर.
कितवा मजला?
अकरावा.
त्यांनी सिगारेट विझवली, अर्धी.
म्हणाले, बस. हेच.
आणि हा उलटं का लिहितो?
आपल्याला वाचता यावं म्हणून, मी म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही,
खिडकीकडे बघितलं.

मग कागद आले.
संगीत कुणाचं, छायाचित्र कुणाचं,
मूळ कल्पना कुणाची.
शेवटच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकून राहिलं,
तिथे शाईचा ठिपका पडला आहे.
तो ठिपका वकिलांना चालला.

आता सातवा सिनेमा येतोय.
सहाच्या सहांत लोक ओरडले,
एकदा अजमानला एक बाई चप्पल सोडून पळाली.
मी शेवटच्या रांगेत बसते,
मांडीवर पाण्याची बाटली, झाकण उघडं.

पहाटे ऑफिसात एकटी असले
की कधीतरी काचेपाशी जाते.
पलीकडे दव गच्च.
बोटानं त्याच जागी लिहून बघते,
प, काना.
आतली बाजू कोरडी.
काही उमटत नाही.